'तयार बाल्कनी बाग' विकत घेण्याआधी

"बाल्कनीची मापं पाठवा, बाकी आमच्यावर सोपवा," अशी ती जाहिरात होती. मी मापं पाठवली, फोटो पाठवले, ठरलेली सगळी रक्कम आगाऊ भरली. दोन मुलं येऊन कुंड्या मांडून गेली आणि बाल्कनी खरंच देखणी दिसायला लागली. महिना उलटायच्या आत त्यातली निम्मी रोपं गेली. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. हा प्रकार अनेक नावांनी चालतो, आणि नाव बदलायला असल्यांना एक रात्र पुरते. नाव कळण्यापेक्षा काय काय करून फसवतात ते कळलेलं जास्त उपयोगी.

सर्वांत आधी शेवंतीने माना टाकल्या, पाठोपाठ गुलाबांनी. एक गुलाब कुंडीतून काढायला गेले तर नुसती काठी हातात आली. खाली तिरका छाटलेला देठ होता, मुळाचा एक धागाही नाही. बाकीच्या बहुतेक फुलझाडांचीही तीच गत. फुलं-कळ्यांनी लगडलेल्या फांद्या कापून ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, खोचल्या होत्या. देठ पाणी ओढत राहतो, त्यामुळे अशी फांदी काही दिवस टवटवीत दिसते, एखादी कळीसुद्धा उमलते. मग मान टाकते. रोपांवर सात दिवसांची हमी होती. आधी मला तो विक्रेत्याचा चांगुलपणा वाटला होता, पण खोचलेली फांदी साधारण तेवढेच दिवस तग धरते.

हे ओळखणं अवघड नाही, फक्त फुलांवरून नजर काढावी लागते. खोड बुडाशी धरून अलगद हलवा. रुजलेल्या झाडाबरोबर आजूबाजूची मातीही हलते. खोचलेली फांदी मातीत सैल डुगडुगते. निचऱ्याच्या छिद्रातून आत बघा, पांढरी कोवळी मुळं दिसली तर उत्तम. रोप पिशवीत असेल तर पिशवी सरकवून दाखवायला सांगा, मुळांनी धरलेला मातीचा गड्डा अखंड बाहेर येतो. मुळं गोल गोल फिरून गच्च झाली असतील तर रोप त्याच पिशवीत फार काळ अडकलेलं आहे. खरा विक्रेता हे सगळं न कुरकुरता दाखवतो.

पण खरी कारागिरी आंब्यात होती. "कुंडीतलं कलम, ठेंगणी जात, पुढच्याच वर्षी फळ," असं सांगून ते बाकी रोपांच्या कितीतरी पट किमतीला लावलं होतं. खोडावर कलमाची पट्टी व्यवस्थित गुंडाळलेली. बरेच दिवस तिला हात लावला नाही. जोड कच्चा असेल तर सुटायचा, ही भीती. शेवटी सोडली तर आत जोडच नव्हता. साल खालपासून वरपर्यंत एकसंध, गुळगुळीत. कोयीतून उगवलेल्या साध्या रोपाला पट्टी बांधून त्याचं कलम केलेलं!

खऱ्या कलमात खालचा खुंट एका झाडाचा आणि वरची काडी दुसऱ्या, फळ देणाऱ्या झाडाची असते. जोडाच्या जागी गाठ, फुगवटा किंवा तिरकी वण दिसते, बऱ्याचदा वरच्या-खालच्या सालीचा रंगही जुळत नाही. ती काडी मुळातच वयात आलेल्या झाडाची असल्यामुळे कलम दोन-चार वर्षांत फळायला लागतं. कोयीच्या रोपाला पाच ते आठ वर्षं सहज लागतात, कुंडीत त्याहूनही जास्त, आणि फळ त्याच जातीचं येईल याचीही खात्री नाही. जोड न दाखवणाऱ्याकडून कलम घेऊ नका. आणि जोड खरा असला तरी जात कुठली हे कोवळ्या पानांवरून तुम्हा-आम्हाला सांगता येत नाही, तिथे शेवटी रोपवाटिकेच्या विश्वासावरच जावं लागतं.

निवडुंगाची गंमत वेगळी. गोल काटेरी निवडुंगावर गुलाबी-पिवळी कागदी फुलं होती. दिवसेंदिवस कोमेजत नव्हती, म्हणून कौतुक चाललेलं. जवळून पाहिलं तर बुडाशी चिकटवलेल्या गोंदाचा थेंब. ही कागदाची नव्हेत, दुसऱ्याच एका झाडाची कागदासारखी कोरडी फुलं (स्ट्रॉफ्लॉवर). ती वाळल्यावरही ओल लागली की मिटतात आणि कोरड्यात पुन्हा उघडतात, त्यामुळे जिवंतच वाटतात. गोंदाने निवडुंगाला जखम होते ती वेगळीच.

आता जाहिरातीतले दावे. स्नेक प्लांट 'रात्री ऑक्सिजन देतो' म्हणून महाग लावला होता. हे झाड रात्री पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं हे खरं. पण ऑक्सिजन तयार होतो उजेडात, म्हणजे दिवसाच. 'हवा शुद्ध करणारी झाडं' या दाव्यामागे नासाचा १९८९ चा अभ्यास सांगतात. तो झाला होता लहान, बंद पेट्यांमध्ये. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खोलीतली हवा जेवढी आपोआप खेळते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष. मग बसायचं कुठे? डास पळवणारं म्हणून दिलेलं सुगंधी जिरॅनियमही नुसतं कुंडीत उभं राहून डास हाकलत नाही. भेट म्हणून निळ्या गुलाबाचं बी होतं, ते पेरलंच नाही. गुलाबात निळा रंगद्रव्य बनवणारी यंत्रणाच नसते. जनुक बदलून जपानमध्ये केलेला आणि २००९ मध्ये विक्रीला आलेला 'निळा' गुलाबसुद्धा प्रत्यक्षात जांभळट आहे.

माती मी शेवटी तपासली, खरं तर ती आधी तपासायची गोष्ट. पैसे घेतले होते गांडूळखत आणि कोकोपीटच्या मिश्रणाचे. वरचे दोन बोटं मिश्रण, खाली चिकट साधी माती, तळाला थर्माकोलचे तुकडे. छोट्या बाल्कनीत हा निव्वळ पैशांचा प्रश्न नाही. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे चाळीस लिटरची एक कुंडी साठ किलोंपुढे गेली. अशा कुंड्या कठड्यालगत ओळीने मांडल्या की भार कुठल्या कुठे जातो. कुंडी भरली जात असताना समोर उभं राहा, ही माझी सूचना कुणाला भोचकपणाची वाटली तरी चालेल.

तक्रार केल्यावर पहिलं उत्तर आलं, "पाणी जास्त झालं." दुसऱ्या रोपाबद्दल, "पाणी कमी पडलं." मुळं नसलेल्या काठ्यांचे फोटो पाठवले तेव्हा हमी संपल्याचं कळवण्यात आलं, नंतर माझा नंबरच ब्लॉक केला. पैसे थेट कुणाच्यातरी वैयक्तिक खात्यात गेले होते. स्वतःहून पाठवलेली रक्कम आहे, असं सांगून बँकेने हात वर केले. त्यामुळे निम्मे पैसे तरी महिनाभराने द्यायचे ठरवा, पावतीवर प्रत्येक रोपाचं नाव आणि कलम की बियाणं हे लिहून घ्या, कुंड्या येताना व्हिडिओ काढा.

या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता: ऊन किती तास येतं? माझ्याकडे जेमतेम दोन तास येतं. गुलाब, मोगरा, शेवंती, कोणतंही फळझाड, सगळ्यांना सहा तासांच्या आसपास थेट ऊन हवं. म्हणजे रोपं अस्सल असती तरी इथे फुलली नसतीच. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. त्याहून कमी उजेडात मनी प्लांट, नेचे, पीस लिली, स्नेक प्लांट बरे. जो माणूस ऊन न विचारता झाडांची यादी पाठवतो, त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

स्नेक प्लांट मजेत आहे. आंब्याचं रोप मोकळी जमीन असलेल्या ओळखीच्यांना देऊन टाकलं, पण कोयीतून आलेलं आहे, जात माहीत नाही, फळाची घाई करू नका, हे आधी सांगून.