बालमदतवाहिनी १०९८ : गोवंडीतून पाहताना

मुंबईच्या गरीब वस्त्यांत मुलांसाठी ज्या सरकारी सेवा आहेत, त्यांत १०९८ हा क्रमांक सर्वांत सहज हाताशी येणारा आहे, असे माझे मत आहे. तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतः, शेजारीण किंवा अंगणवाडीच्या ताई, कोणीही तो फिरवू शकते. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ही सेवा याच शहरात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली.

गोवंडीतील आमच्या अभ्यासवर्गाने ती वापरली आहे. मूल आत्ता कुठे आहे, त्याला तातडीचा धोका आहे का, सोबत कोण आहे, एवढेच प्रथम शांतपणे विचारले गेले. पुरावा कोणी मागितला नाही, आणि ते योग्यच होते. कारण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवणे बंधनकारक आहे, शहानिशा करणे हे पोलिसांचे काम आहे. (वस्तीत नेमके उलटे घडते : आधी चार मोठी माणसे बसतात आणि मुलालाच खोदून खोदून विचारतात.)

उणीव आहे ती फोननंतरच्या माहितीची. फलकावर क्रमांक असतो, पुढे काय होईल ते नसते. जरीच्या कारखान्यात राबणारा मुलगा असो वा घरमालकाच्या नातेवाइकाने छळलेली मुलगी, तक्रार केली तर खोली जाईल, रोजगार जाईल आणि मूलही बालगृहात नेतील, या भीतीने आई गप्प राहते. मुलाला घरून हलवायचे की नाही हे बालकल्याण समिती (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातील समिती) चौकशी करून ठरवते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. या तीन गोष्टी ठळक मराठीत आणि हिंदीत फलकावर छापल्या, तर फोन करायला धजावणाऱ्यांची संख्या वाढेल.

२०२३ पासून ही सेवा मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली शासनाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. तातडीच्या प्रसंगी पोलिसांशी थेट जोडणी असणे निःसंशय चांगले. मात्र पूर्वी स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता दारात येत असे आणि गल्लीला तो ओळखीचा असे, तर आता पहिला चेहरा पोलिसाचा असू शकतो, आणि पोलिसाला पाहून या वस्तीत दारे लागतात.

तरीही फोन कराच. नोंदीचा क्रमांक लिहून घ्या, मुलाला पुन्हा पुन्हा सगळे सांगायला लावू नका, आणि २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे तपास व खटल्याच्या काळात मुलासोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती नेमावी, अशी मागणी बालकल्याण समितीकडे लेखी करा.