वेळासच्या नावाखाली माझे ३३,८२३ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या वेळास गावात चार रात्री एकटीनं राहायचं म्हणून मी एक होमस्टे ठरवला आणि ३३,८२३ रुपये घालवून बसले. आधी ६,४००, मग २,९५०, मग ५,००० आणि शेवटी एका झटक्यात १९,४७३. आकडे मुद्दाम सुटे सुटे लिहितेय. पहिला आकडा कोणीही भरेल असाच असतो.

एकटीच का निघाला होतात, हे मला पोलीस ठाण्यातही विचारलं गेलं. म्हणून तेही सांगते. सासूबाईंचं दीड वर्षाचं आजारपण मी घरी काढलं. श्रावणात त्या गेल्या. सगळं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि मग मला काही दिवस कोणाशी बोलायचंच नव्हतं. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधले दिवस कोकणात फार चांगले असतात. पाऊस ओसरलेला, गवत अजून हिरवं, भात कापणीला आलेलं, हिवाळी कुरव पक्षी किनाऱ्यावर उतरायला लागलेले आणि गर्दी नाही. बाणकोटच्या किल्ल्यावरून सावित्रीचं मुख बघत बसावं, कांदळवनात पक्षी बघावेत, वेळेवर गरम जेवण मिळावं. माझी मागणी एवढीच होती. यात काय चुकलं?

पान समाजमाध्यमावर सापडलं. कौलारू घर, झोपाळा, सुरूचं बन, समुद्री गरुडाचं घरटं, असे फोटो. दर ३,२०० रुपये रोज, दोन वेळचं जेवण धरून. चार रात्रींचे १२,८००, त्यातले निम्मे आधी. पुढचं तुम्हाला माहीतच असेल. माणूस गोड बोलणारा, ‘ताई, एकट्या बायका आमच्याकडे नेहमी येतात, घरच्यासारखं राहा’ म्हणणारा. पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच कोणाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, मॅनेजरचं खातं आहे. कोकणातली कितीतरी घरं मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या खात्यावर पैसे घेतात, म्हणून मीही भरले. तुम्ही भरू नका. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा.

मग वन विभागाचा परवाना आणि वाटाड्या यांचे २,९५०. शिक्का मारलेलं पत्रसुद्धा पाठवलं. मग एकट्या महिलेची पोलीस नोंद करावी लागते म्हणून ५,००० अनामत, निघताना परत. किनाऱ्यावर फिरायला असला कुठलाही परवाना लागत नाही, आणि पाहुण्यांची नोंद ठेवायला घरमालक ओळखपत्राची प्रत घेतो, पैसे घेत नाही.

पण ज्या क्षणी मी थांबायला हवं होतं, तो याच्याही आधीचा. त्याचा आवाजी निरोप आला होता: ‘ताई, पहाटे साडेसहाला तयार राहा, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दाखवतो, सध्या रोज निघतायत.’ ऑक्टोबरात! वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणूनच तिथला कासव महोत्सव फेब्रुवारीनंतर भरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावाला बरोबर घेऊन ही घरटी राखली, हे सगळं मला ठाऊक होतं. मुलं लहान असताना मार्चमध्ये याच वाळूत बसून मी पिल्लं पाहिली होती. तो निरोप मी दोनदा ऐकला. मनात आलंसुद्धा की हे कसं शक्य आहे. शिवाय हा मंडणगड तालुक्यातला म्हणवणारा माणूस मालवणी बोलत होता, जी तिकडे कोणी बोलत नाही. आणि तरी मी गप्प राहिले. का? कारण पाहुण्याला खूश करायला लोक वाढवून बोलतात हे आपण धरूनच चालतो. डॉल्फिन नक्की दिसणार म्हणून कोणता नाववाला सांगत नाही? मीही तसंच समजले. आजही रात्री जाग आली की तो निरोप कानात वाजतो आणि संताप होतो.

निघायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. वादळी पाऊस आहे, वीज गेली आहे, बुकिंग रद्द, तुमचे १४,३५० लगेच परत देतो. माझं सामान भरून झालं होतं. म्हणाला, पैसे पाठवायच्या पानावर आमचा नंबर टाका, रकमेच्या चौकटीत रिफंड कोड १९४७३ टाका, पिन टाकलात की पडताळणी होऊन पैसे येतील, कोड दहा मिनिटांत संपतो. तो फोनवरच थांबला, घाई करत राहिला. मी पिन टाकला. तो कोड नव्हताच, रक्कम होती, आणि १९,४७३ रुपये त्याच्याकडे गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी आईला स्वतः शिकवलं आहे. पण कोणी कानाशी सतत बोलत असेल तेव्हा विचार करायला जागाच उरत नाही. असल्या फोनवर पहिलं काम एकच, फोन कापायचा.

आता आपल्या यंत्रणांबद्दल. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावला. लागत नव्हता, लागला तर मध्येच तुटत होता. शेवटी सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली आणि पोचक्रमांक मिळाला. सगळं तासाभरात केलं. सकाळी जवळच्या ठाण्यात गेले तर म्हणाले, सायबरला जा. सायबरला गेले तर म्हणाले, रक्कम लहान आहे, अर्ज ठाण्यातच द्या. खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही, हेही ऐकलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मी त्यांना दाखवलं. अंमलदारानं कागद बाजूला सरकवला आणि म्हणाला, ‘एवढ्या शिकलेल्या बाई तुम्ही, कोड टाकलातच कसा?’ मला हा प्रश्न विचारायला तुम्हाला वेळ आहे. पडद्यावर नाव दिसलेल्या त्या खातेदाराला विचारायला नाही?

बँकेनं तर हातच झटकले. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीनं झाला. कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी पुढे केला. तो संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणाले. फसवून घेतलेल्या संमतीला कुठलाच नियम नाही का? समोरच्या खात्यात २,११७ रुपये गोठवले आहेत म्हणे. बाकी त्याच रात्री एटीएममधून काढले गेले. ते २,११७ मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला तेव्हा सांगण्यात आलं. ज्या बँकेनं त्या भामट्याला खातं उघडून दिलं, तिला मात्र कोणी काही विचारत नाही.

स्क्रीनशॉट लगेच काढा, माझ्याशी झालेलं निम्मं बोलणं त्यानं नंतर पुसून टाकलं. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहून ठेवा, तो नसेल तर कोणी उभं करत नाही. होमस्टेचे फोटो इंटरनेटवर उलटे शोधून बघा, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते कळतं. मी नंतर शोधले, तर ते घर खरंच वेळासचं निघालं. त्या घरच्या मालकीण काकूंना फोन केला तेव्हा कळलं, त्यांच्या दारात माझ्याआधी एक कुटुंब सामानासकट येऊन उभं राहिलं होतं. काकूंचा दर त्यानं सांगितलेल्यापेक्षा कमी आहे आणि त्या आगाऊ पैसे घेतच नाहीत.

बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत समाधान झालं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. ‘रिफंड कोड’ सांगून तुमचेही पैसे गेले असतील तर रक्कम कितीही असो, तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक मिळाल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. एकेकट्या तक्रारीला लहान रक्कम म्हणून परत पाठवतात, म्हणूनच आपण सगळ्यांनी नोंदवायला हवी.