चिलरमधील गॅस काढण्याची यंत्रे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडोदऱ्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीत चिलरची, म्हणजे गॅसच्या साहाय्याने पाणी थंड करणाऱ्या यंत्रांची, देखभाल हे माझे काम आहे. गेल्या दिवाळीनंतर मी चिलरमधला गॅस काढून सिलिंडरमध्ये भरणारे तेलविरहित रिकव्हरी मशीन, नंतर आतली हवा व ओलावा खेचणारा दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप आणि व्हॅक्यूम मायक्रॉनमध्ये मोजणारा डिजिटल मायक्रॉन गेज (आकडा जितका कमी, तितका व्हॅक्यूम चांगला) अशा तीन वस्तू एकदम घेतल्या. काम लवकर उरकावे, हा त्यामागचा हेतू होता. आठ महिन्यांनंतर असे दिसते की रिकव्हरी मशीनने वेळ वाचवला, परंतु कामाचा दर्जा बदलला तो तिघांत सर्वांत लहान असलेल्या गेजने.

आधी रिकव्हरी मशीनविषयी. द्रव गॅस ते झपाट्याने खेचते आणि वायुरूप गॅसवर मंदावते, म्हणून मी द्रव आधी काढतो. कंप्रेसरचे तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर मात्र चालू ठेवतो, कारण त्या तेलात विरघळलेला गॅस उष्णतेशिवाय सहज बाहेर येत नाही. शेल-अँड-ट्यूब चिलरवर (ज्यात मोठ्या टाकीतील नळ्यांतून पाणी वाहते आणि नळ्यांभोवती गॅस असतो) खरा धोका थंडीचा असतो. आर-134ए या गॅसचा दाब सुमारे 28 पीएसआयच्या (दाबाचे एकक) खाली गेला की त्याचे तापमान शून्य अंशाखाली जाते, आणि नळ्यांतील पाणी स्थिर असेल तर ते गोठून नळ्या फोडते. आर-22 या दुसऱ्या गॅसच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे 58 पीएसआयवरच येते. त्यामुळे चिल्ड वॉटर पंप (नळ्यांतून पाणी फिरवणारा) चालू असल्याची आणि पाण्याचा प्रवाह खरोखर मिळत असल्याची खात्री केल्याशिवाय मी मशीनचा स्विच लावत नाही. पंप बंद असेल तर नळ्यांतील पाणी आधी पूर्ण काढून घेतो. सिलिंडर वजनकाट्यावरच ठेवावा लागतो, कारण तो आकारमानाच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त द्रवाने भरणे धोक्याचे आहे. 50 लिटरच्या सिलिंडरमध्ये आर-134ए सुमारे 48 किलोच मावतो, असे धरून चालावे.

मे महिन्यात मशीनने परीक्षा पाहिली. आर-410ए हा जास्त दाबाचा गॅस असलेल्या गच्चीवरील स्क्रोल कंप्रेसरच्या चिलरवर भर दुपारी 550 पीएसआयचा हाय प्रेशर कटआउट (दाब वाढला की मशीन बंद करणारा स्विच) वारंवार पडू लागला. सिलिंडर थंड पाण्याच्या टबात उभा केला, मशीनवर सावली धरली आणि पुढची कामे सकाळी सहालाच सुरू केली, तेव्हा अडचण संपली. या गॅससाठी सिलिंडरही जास्त दाबाचाच हवा.

आता गेज. एका कारखान्यात बाष्पकाची (चिलरमधील पाणी थंड होणाऱ्या भागाची) नळी गळून गॅसच्या बाजूला पाणी शिरले होते. नळी बंद करून आम्ही व्हॅक्यूम लावला. मॅनिफोल्डचा (नेहमीच्या दाबमापकाचा) काटा अर्ध्या तासात तीस इंचांवर, म्हणजे व्हॅक्यूमच्या टोकाला, गेला, तेव्हा तेथील देखभाल प्रमुख, जे दांडिया बाजारातले आमचे ओळखीचे काका आहेत, म्हणाले, "अहो, काटा तीसवर आला की झालं, गॅस भरा आता." मायक्रॉन गेजवर मात्र आकडा पाच हजारांच्या आसपास अडकला होता. काट्याला पाच हजार आणि पाचशे मायक्रॉन यांतला फरक दिसूच शकत नाही. सुमारे 4,580 मायक्रॉनला पाणी गोठू लागते, आणि बर्फ झाला की तो संथपणे वाफ होऊन निघतो. पंप तासन् तास चालला तरी ओलावा आतच राहतो. आम्ही कोरड्या नायट्रोजनने व्हॅक्यूम मोडला, बाष्पकातून कोमट पाणी फिरवले आणि हा क्रम तीनदा केला. पंपाचे दुधाळ झालेले तेल चार वेळा बदलावे लागले. दुसऱ्या संध्याकाळी 480 मायक्रॉन मिळाले. पंपाचा वाल्व्ह बंद करून वीस मिनिटे थांबलो, तेव्हा आकडा सातशेवर येऊन स्थिरावला. तो सतत चढत राहिला असता तर गळती समजून पुन्हा शोध घ्यावा लागला असता. थोडे चढून थांबणे म्हणजे उरलेला ओलावा किंवा तेलातला गॅस, आणि तेवढा आम्ही आणखी एका फेरीत काढला. काकांनी नंतर तो आकडा स्वतःच्या वहीत लिहून घेतला, याचा मला मनापासून आनंद झाला.

गेज पंपाजवळ न लावता चिलरच्या दूरच्या टोकाला लावावा, अन्यथा तो पंपाचीच स्थिती सांगतो. त्याच्या सेन्सरवर तेल गेले तर वाचन चुकते. मला तो दोनदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावा लागला. सोबत मिळालेले पाव इंची होज व्हॅक्यूमसाठी अपुरे आहेत. मी जाड आणि आखूड होज घेतले, वाल्व्ह कोर (जोडणीच्या तोंडातला, प्रवाह अडवणारा छोटा भाग) काढण्याचे साधन वापरले, तेव्हा वेळ जवळजवळ निम्मा झाला.

व्हॅक्यूम असताना कंप्रेसर चालू करू नये आणि त्याच्या मोटरवर मेगरही (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारे उपकरण) लावू नये, कारण विरळ वायूत वाइंडिंगमध्ये ठिणगी उडते. म्हणून मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली मी खिशात ठेवतो. दाबचाचणीसाठी नायट्रोजनही रेग्युलेटरशिवाय कधीच जोडत नाही. व्हॅक्यूम पंप 18 किलोंचा असल्याने जिन्यावर दोघांनी उचलावा लागतो, ही एक गैरसोय आहे. पुढच्या महिन्यात त्याला चाकांची गाडी करून घेणार आहे.