किनाऱ्यावरची माणसे दिसली पाहिजेत : एका छपाई-फ्रेमच्या दुकानाचा अनुभव

विल्यम मॅक्टॅगार्ट या स्कॉटिश निसर्गचित्रकाराच्या ‘द स्टॉर्म’ या चित्राची मोठी प्रत घरात लावावी, ही माझी जुनी इच्छा होती. गेल्या महिन्यात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतील एका लहानशा दुकानाने ती पूर्ण केली. छपाई आणि फ्रेम ही दोन्ही कामे तिथे एकाच ठिकाणी होतात. चित्रांच्या प्रती करून घेणाऱ्या कोल्हापूरकरांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी हीच प्रत मी दुसऱ्या एका ठिकाणी छापून घेतली होती. त्यांनी कागदाच्या मापात बसवण्यासाठी चित्राच्या कडा कापल्या, रंग भडक केले आणि वर चकचकीत थर दिला. समुद्र निळाशार दिसू लागला, पण किनाऱ्यावरची माणसे नाहीशी झाली. ‘द स्टॉर्म’मध्ये माणसेच दिसत नसतील, तर ते चित्र समजण्याचा मार्गच बंद होतो. वादळात मासेमारीच्या होड्या सापडल्या आहेत आणि त्यांच्या मदतीला जाण्यासाठी गावकरी किनाऱ्यावरून होडी पाण्यात लोटण्याची धडपड करीत आहेत, हा त्या चित्राचा विषय आहे. मात्र ही माणसे गवत, खडक आणि फेस यांच्याच फटकाऱ्यांनी रंगवलेली असल्यामुळे प्रथम नजरेत भरत नाहीत. थोडा वेळ पाहत राहिल्यावर एकेक आकृती जमिनीतून वर यावी तशी दिसू लागते.

यंदा नव्या दुकानात मी डिजिटल प्रतिमा नेली, तेव्हा दुकानदाराने ती पडद्यावर मोठी करून पाहिली आणि विचारले, “सर, ही माणसं हाईत व्हय? मला दगडंच वाटली.” मी होय म्हटल्यावर त्याने पूर्ण चित्र लगेच छापायला घेतले नाही. चित्राच्या खालच्या भागाची एक वीतभर रुंदीची पट्टी खऱ्या मापात छापून दाखवली, मग सावल्या किंचित उजळ करून दुसरी काढली आणि तिसरी पट्टी आम्हा दोघांनाही पटली. या दोन जादा पट्ट्यांचे त्याने पैसे घेतले नाहीत. या दुकानाची शिफारस करण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

मापाविषयीही त्याने योग्य सल्ला दिला. मूळ चित्र सुमारे १२२ बाय १८३ सेंटिमीटरचे, म्हणजे ४८ बाय ७२ इंचांचे आहे. २४ बाय ३६ इंचांची प्रत घेतली तर प्रत्येक बाजू बरोबर निम्मी होते आणि कुठेही काटछाट करावी लागत नाही. मी १८ बाय २४ मागत होतो. त्यात प्रमाण बिघडून दोन्ही बाजूंचा समुद्र गेला असता.

छपाई चालू असताना त्याने चित्रकाराची चौकशी केली आणि मी आनंदाने सांगत बसलो. मॅक्टॅगार्ट १८३५ साली किन्टायर द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मॅक्रिहानिशजवळ जन्मला. वडील अल्पभूधारक शेतकरी, घरची भाषा गेलिक. मुलाला कॅम्बेलटाउनच्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवले होते, पण तिथे तो व्यक्तिचित्रे काढू लागला. १८५२ साली एडिंबरामधील ट्रस्टीज अकॅडमीत रॉबर्ट स्कॉट लॉडर यांच्याकडे त्याचे शिक्षण सुरू झाले आणि १८७० मध्ये तो रॉयल स्कॉटिश अकॅडमीचा सदस्य झाला. व्यक्तिचित्रे आणि मुलांची चित्रे यांवर त्याला उत्तम चरितार्थ करता आला असता. तरीही तो पुन्हा पुन्हा बालपणीच्या किनाऱ्याकडे परतत राहिला. ‘द स्टॉर्म’चे लहान रूप त्याने १८८३ साली किन्टायरमधील कॅराडेल येथे उघड्यावर रंगवले. पुढे १८८९ मध्ये एडिंबरा शहर सोडून तो लासवेडजवळच्या ब्रूमीनाऊला राहायला गेला आणि १८९० मध्ये त्याने हे मोठे चित्र पूर्ण केले. १९१० साली त्याचे निधन झाले. आज हे चित्र एडिंबराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

त्याला ‘स्कॉटलंडचा इम्प्रेशनिस्ट’, म्हणजे बदलत्या प्रकाशाचा क्षणिक परिणाम टिपणारा चित्रकार, म्हणतात. मला ते अपुरे वाटते. त्याच्या समुद्रावर प्रकाश जितका खेळतो, तितकीच माणसांच्या जिवाची काळजीही तिथे आहे. १८९५ च्या ‘द सेलिंग ऑफ द एमिग्रंट शिप’मध्येही देश सोडून निघालेले लोक तसेच किनाऱ्यात मिसळून गेले आहेत. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरातील निसर्गचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उघड्यावर बसून केलेल्या कामाचा हा जिवंतपणा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता फ्रेमविषयी. प्रत जाड सुती कागदावर, पिगमेंट शाईने छापली आहे. ती पुठ्ठ्यावर पूर्ण न चिकटवता केवळ वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवली आहे, त्यामुळे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला सुरकुत्या पडणार नाहीत. माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे, काच आणि कागद यांच्यात अंतर राहिले आहे. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला चिकटलेली चित्रे बुरशीने खराब झालेली मी अनेक घरांत पाहिली आहेत, म्हणून हे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते. पाठीमागची फट पट्टी लावून बंद केली आहे. लाकडाची साधी, गडद तपकिरी पट्टी त्यानेच सुचवली. मी सोनेरी नक्षीची पाहत होतो, पण तिने चित्रापेक्षा स्वतःकडेच लक्ष वेधले असते.

दोन उणिवा आहेत. आठ दिवसांचे काम सतरा दिवसांनी मिळाले आणि विलंब होणार हे मला फोन करूनच कळले. दुसरे म्हणजे काच साधी आहे. खिडकीसमोरच्या भिंतीवर दुपारी तीननंतर तिच्यात समोरच्या इमारतीचे प्रतिबिंब पडते. न चमकणारी काच मिळते, असे त्याने आधी सांगितले असते तर मी जादा पैसे दिले असते. एकूण खर्च ४,८०० रुपये आला आणि या दर्जाच्या कामाला तो मला वाजवी वाटतो.

तूर्त मी चित्र खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीवर लावले आहे. काल शेजारची सहावीतली मुलगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मी काहीही सांगितले नव्हते. तिने खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारले, “काका, ही माणसं होडी कुठं नेतायत?”