ऐतुताकी, सवाई की नियूए?

फिजी झालं, आता पुढे काय, हा प्रश्न ऑकलंडमधल्या मराठी घरांत जुलैच्या शाळेच्या सुट्ट्यांआधी निघतोच. गर्दी नको, मोठाली रिसॉर्टं नकोत, शांत बेट हवं, असं म्हणणाऱ्यांपुढे मी दक्षिण पॅसिफिकमधली तीन नावं ठेवतो: कुक आयलंड्समधलं ऐतुताकी, सामोआतलं सवाई आणि नियूए हा एका बेटाचाच देश. फोटोंत तिन्हींचं पाणी सारखंच निळं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या ठिकाणी ते गुडघाभर, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या काठावर गावाची सत्ता आणि तिसऱ्या ठिकाणी पुळण जवळपास नाहीच. त्यामुळे फोटो बाजूला ठेवा आणि बरोबर कोण येणार आहे ते आधी ठरवा.

आई-बाबा भारतातून आलेत, पोहता येत नाही, गुडघे दुखतात? मग फार विचार करू नका, ऐतुताकीला जा. प्रवाळाच्या त्रिकोणी कड्याने समुद्राच्या लाटा बाहेरच अडतात आणि आत उरतं ते उथळ, कोमट, काचेसारखं पाणी. कडेने छोटी निर्मनुष्य बेटं, तिथल्या भाषेत मोटू. होडीवाला दिवसभर एकेका मोटूवर उतरवत नेतो. 1950च्या दशकात समुद्री विमानं यांतल्याच अकाइआमीपाशी इंधनासाठी थांबायची आणि तेवढ्या वेळात प्रवासी पोहून घ्यायचे. तापुआएताई या मोटूवर पासपोर्टवर पावलाच्या आकाराचा शिक्का मारून मिळतो. मुलं खूश होतात, पण तो नुसता आठवणीचा, म्हणून मी वहीवर घेतला.

ऐतुताकीचा तोटा म्हणजे पैसे. आधी ऑकलंड ते कुक आयलंड्सचं मुख्य बेट रारोटोंगा सुमारे चार तास आणि मग पाऊण-एक तासाचं दुसरं विमान, त्याचं तिकीट अंतराच्या मानाने महाग. चलन न्यूझीलंडचाच डॉलर, एवढी एक सोय. आणि तारखेकडे नीट बघा. शनिवारी ऑकलंडहून निघालात की रारोटोंगाला शुक्रवारी उतरता, कारण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पहिल्या वेळी मी खोली शनिवारपासून घेतली होती आणि शुक्रवारी बॅगांसकट दारात उभा राहिलो. चूक सर्वस्वी माझी.

सवाई हे मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं बेट, म्हणून थोडा पक्षपात होईल. सामोआचं हे सगळ्यात मोठं बेट, पण राजधानी आपिया शेजारच्या उपोलूवर असल्यामुळे बहुतेक पर्यटक इकडे फिरकत नाहीत. उपोलूवरच्या फालेओलो विमानतळापासून मुलिफानुआचा धक्का जवळच आहे, तिथून तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात बोट सवाईवरच्या सालेलोलोगाला पोचते. राहायचं ते फालेत. फाले म्हणजे खांबांवर उभं छप्पर, जमिनीवर गादी, वर मच्छरदाणी आणि भिंतींच्या जागी विणलेले पडदे. रात्री भरतीचं पाणी पायाशी आल्यासारखं ऐकू येतं. कुलूप नाही, संडास बऱ्याचदा सामाईक. ज्यांना हे वाचूनच कसंतरी झालं, त्यांनी सवाई यादीतून काढलेलं बरं.

पण दरात सकाळ-संध्याकाळचं जेवण बहुधा धरलेलं असतं, आणि शाकाहारी माणसाला पालुसामी जरूर मागता येईल: अळूची कोवळी पानं, नारळाचं घट्ट दूध आणि कांदा, पुडी बांधून तापल्या दगडांवर भाजलेली. पहिला घास घेतला आणि आजीच्या हातचं फदफदं आठवलं, फक्त चिंच-गूळ नव्हता. कधीकधी आत डबाबंद गोमांस असतं, म्हणून आधीच विचारा.

इथला किनारा गावाचा असतो. उतरण्याआधी थोडे ताला (सामोआचं चलन) द्यावे लागतात, ते कुरकुर न करता द्या. गावातून फिरताना पोहण्याचे कपडे झाकून घ्या. संध्याकाळी शंख फुंकला की घरोघरी प्रार्थना सुरू होते. त्याला ‘सा’ म्हणतात. तेवढी दहा-वीस मिनिटं रस्त्यावर चालायचंही नाही, आहात तिथे थांबायचं. बेटाच्या दक्षिणेला तागा गावाजवळ लाटा कातळाच्या भोकांतून उसळतात. स्थानिक माणूस योग्य क्षणी भोकात नारळ टाकतो आणि तो माडाच्या उंचीवर उडतो. उत्तरेला सालेआउलाजवळ 1905 ते 1911च्या उद्रेकातला लाव्हा आहे. त्यात गाडलं गेलेलं चर्च आजही पाहता येतं.

नियूएला बेट म्हणण्यापेक्षा समुद्रातून वर आलेला प्रवाळाचा कातळ म्हणावं. सुमारे 260 चौरस किलोमीटर जागा आणि जेमतेम पावणेदोन हजार माणसं. नियूएचे मूळ लोक बेटापेक्षा कितीतरी पटींनी जास्त न्यूझीलंडमध्येच राहतात. नदी नाही, पाऊस चुनखडीत मुरतो, गाळ समुद्रात जातच नाही, म्हणून पाणी इतकं नितळ. पण त्या पाण्यापर्यंत पोचायचं तर जंगलातून, कातळावरून, शिडीवरून उतरावं लागतं. टोगोच्या घळीतली शिडी बघून माझ्या बायकोने वरच बसणं पसंत केलं. लिमूचे डोह मात्र सोपे आहेत. रबरी तळव्याचे बूट न्या, प्रवाळावर अनवाणी पाय टिकत नाहीत.

बंदरसुद्धा नाही! राजधानी आलोफीच्या धक्क्यावर होड्या क्रेनने उचलून पाण्यात सोडतात. जुलै ते ऑक्टोबरात कुबड असलेले देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की ते पाहायला होडीचीही गरज पडत नाही. पोहणारी, चढणारी, बारा-पंधरा वर्षांपुढची मुलं असतील तर नियूए. तान्हं बाळ किंवा हृदयाचं दुखणं असेल तर नको, कारण मोठ्या उपचारासाठी विमानच गाठावं लागतं आणि तीही आठवड्यात मोजकीच.

तिन्हीकडे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच पाव-केळी घेऊन ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस, म्हणून मे ते ऑक्टोबर बरा. भारतातून थेट येणाऱ्यांनी तिकिटाआधी व्हिसा पाहावा. ऑकलंडला नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि नियूए ठरलंच तर आधी विमानाची जागा मिळवा, रजेचा अर्ज मग टाका.