फिलर प्लगवरची माती तशीच, आणि बिलात ‘डिफरन्शियल ऑईल बदलले’

घरी येऊन, पार्किंगमध्येच गिअर ऑईल आणि डिफरन्शियल ऑईल बदलून देतो, असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी. सगळेच लबाड नसतात, पण फसवायला याइतकी सोयीची जागा गाडीत दुसरी नाही. इंजिन ऑईल निदान डिपस्टिकवर, म्हणजे लेव्हल मोजायच्या पट्टीवर, बघता येतं. डिफरन्शियलला डिपस्टिक नसते, मॅन्युअल गिअरबॉक्सलाही बहुतेक वेळा नसते. काम गाडीखाली चालतं आणि मालक वर उभा असतो.

एका मारुती ईकोच्या बाबतीत घडलेला प्रकार बघा. बिलात गिअरबॉक्सला तीन लिटर, डिफरन्शियलला तीन लिटर. ट्रेमधलं काळं ऑईल मालकाला दाखवलं, त्याने पैसे दिले. काही आठवड्यांत मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायचा, सोडला की बदलायचा. गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा ऑईल सोडायचा खालचा ड्रेन प्लग पुसलेला होता, पान्याच्या ताज्या खुणा होत्या. ऑईल भरायच्या वरच्या फिलर प्लगवर मात्र पावसाळ्यातल्या चिखलाचा थर सुकून दगडासारखा बसलेला, आणि प्लगच्या चौकोनी खाचेत गंज. तो प्लग उघडल्याशिवाय आत थेंबभर ऑईल जाऊ शकत नाही. म्हणजे दाखवण्यापुरतं थोडं ऑईल खालून सोडलं, प्लग आवळला आणि वरून काहीच भरलं नाही.

याचा फटका सगळ्यात आधी पिनियनच्या, म्हणजे ताकद आत आणणाऱ्या छोट्या गिअरच्या, बेअरिंगला बसतो. हाउसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीत, पंप नसतो. पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं गिअर, म्हणजे क्राऊन, ऑईलमध्ये बुडून फिरतं, ते ऑईल वर उडवतं आणि तेच पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. लेव्हल खाली गेली की क्राऊन नीट बुडत नाही आणि बेअरिंग कोरडं पडतं.

त्या बिलातला तीन लिटरचा आकडाही तपासायला हवा होता. लहान गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये साधारण एक ते दोन लिटर मावतं. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. तो आधी वहीत लिहा आणि उरलेलं ऑईल मागून घ्या, ते तुमच्या पैशांचं आहे. स्विफ्ट किंवा वॅगनआरच्या बिलात ‘डिफरन्शियल ऑईल’ वेगळं लावलं असेल, तर ती सरळ फसवणूक. या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि दोघांना एकच ऑईल लागतं. वेगळं हाउसिंग ईको, बोलेरो, सुमो, टाटा एस अशा मागून ओढणाऱ्या गाड्यांना असतं.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो: एकाच कॅनमधून दोन्हीकडे भरायचं. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरला (क्राऊन-पिनियनच्या जोडीला) जीएल-५ दर्जाचं ऑईल लागतं. पण बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर सहज पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंगा असतात आणि कंपनी तिथे जीएल-४ सांगते. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जवळपास दुप्पट. ती पितळ खाऊ शकते, शिवाय रिंगेची पकड कमी होते, मग गिअर टाकताना ‘खर्र’ होतं. डब्यावर फक्त ८०डब्ल्यू-९० बघून घेऊ नका. तो जाडपणा झाला, दर्जा वेगळा लिहिलेला असतो. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर सीव्हीटीचंच फ्लुइड, तिथे साध्या ऑटोमॅटिकचं लाल एटीएफ चालत नाही.

ट्रेमधलं काळं ऑईल हा कसलाच पुरावा नाही, ते आधीच्या गाडीचंही असू शकतं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवरची राखाडी, लोण्यासारखी पेस्ट दाखवून ‘क्राऊन गेलं, हाउसिंग बदला’ असं घाबरवतात. ती पेस्ट नेहमीच्या झिजेची आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला, तरच काळजी करा. रॉकेल घालून ‘फ्लशिंग’ करू देऊ नका. आत राहिलेलं रॉकेल नवं ऑईल पातळ करतं.

घरी स्वतः करणार असाल तर गाडी दहा मिनिटं चालवून ऑईल कोमट करा. मग सगळ्यात आधी फिलर प्लग उघडा. तो जाम असेल आणि ऑईल आधीच सोडून बसलात, तर गाडी जागची हलवता येत नाही. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही, तो मागच्याच चाकांवर असतो. पुढच्या चाकांना उटी, म्हणजे पाचर, लावा. ऑईल निथळल्यावर नवा वॉशर घालून ड्रेन प्लग आवळा. लेव्हल भरताना गाडी पुढे-मागे सपाट हवी, फक्त मागून उचललेली असेल तर लेव्हल चुकते. पंपाने भरत राहा, फिलरच्या खालच्या काठावरून ऑईल ओघळायला लागलं की थांबा. जास्त कोंबलं तर फेस होतो, सील सुटतं आणि ऑईल ब्रेक लायनरवर उतरतं. ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं छिद्र, चिखलाने बुजलेला असला तरी तेच होतं, म्हणून तोही साफ करा.

दुसऱ्याकडून करून घेताना सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडायला लावा, बॅच नंबरचा फोटो घ्या. काम झालं की रिकाम्या कॅनला भोक पाडा. चांगल्या स्थितीतले कॅन भंगारातून परत येतात आणि त्यात खुलं ऑईल भरलं जातं. दोन्ही प्लगचे कामाआधीचे आणि नंतरचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बिलावर ऑईलचा दर्जा आणि लिटर लिहून घ्या. फसवलं गेलंच, तर हे फोटो आणि बिल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. आणि फिलर प्लग उघडून लेव्हल तपासल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.