एनएलआर, सीआरपी-अल्ब्युमिन की एलडीएच: कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज कशावरून बांधावा?

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर; त्यासाठी वेगळं रक्त काढावं लागत नाही. सीबीसी या नेहमीच्या रक्तपेशी-तपासणीच्या रिपोर्टमधला न्यूट्रोफिलचा आकडा लिम्फोसाइटच्या आकड्याने भागायचा: ६४०० आणि १६०० असतील तर उत्तर ४. १०० अभ्यासांतल्या ४० हजारांहून जास्त रुग्णांची माहिती २०१४ मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा हे गुणोत्तर जास्त असलेल्यांचं आयुर्मान कमी निघालं. पण ‘जास्त’ कशाला म्हणायचं यावर एकमत नाही. कुठे ३ धरतात, कुठे ५. केमोसोबत दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड न्यूट्रोफिल वाढवतं, लिम्फोसाइट घटवतं, त्यामुळे गुणोत्तर दोन्हीकडून फुगतं. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफ इंजेक्शननंतरचा आकडा तर धरूच नये.

सगळ्या प्रकारच्या कॅन्सरसाठी एकच निवडायचं झालं, तर आमचा कौल सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) यांवर बेतलेल्या सुधारित ग्लासगो स्कोअरला. त्याच्या सीमारेषा ठरलेल्या आहेत. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ०, त्यापुढे १, आणि त्यासोबत अल्ब्युमिनही लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर २. गुण जितके जास्त, तितका पुढचा अंदाज वाईट. नुसतं अल्ब्युमिन कमी असल्याने गुण वाढत नाही. चूक होते ती एककात: काही लॅब सीआरपी डेसिलिटरमागे देतात. तिथला १.८ म्हणजे इथला १८; तो तसाच धरला की १ चा स्कोअर ० होतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ही तपासणी करून घाबरून जाऊ नका. सीआरपीचा अर्धायुकाल (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण १९ तासांचा, त्यामुळे संसर्ग आटोक्यात आला की तो झपाट्याने उतरतो. अल्ब्युमिनचा सुमारे २० दिवसांचा, त्याला वेळ लागतो. स्कोअर २ आला म्हणून उपचार थांबवायचे नसतात. आहारतज्ज्ञ आणि पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) टीमला मात्र लगेच सोबत घ्यावं.

एलडीएच या पेशींमधल्या एन्झाइमचा आवाका लहान, पण तिथे वजन मोठं. पसरलेला मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आणि वृषणाचा जर्म सेल ट्यूमर यांच्या स्टेजिंगमध्येच, म्हणजे टप्पा ठरवतानाच, तो मोजला जातो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर रक्त पुन्हा द्या: नमुन्यात फुटलेल्या तांबड्या पेशींतलं एलडीएच बाहेर येऊन आकडा खोटाच चढतो.

सीए १९-९ सारख्या मार्करमध्ये (स्वादुपिंडासारख्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) एका आकड्यापेक्षा चढउतार पाहावा. पित्तनलिका तुंबली तरी तो वाढतो, आणि साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही. त्यांचा नॉर्मल रिपोर्ट दिलासा म्हणून धरता येत नाही.